निळ्या गिटारीच्या खुंट्या

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे शाळेचा इतिहासच लिहू अशी सर्वांची समजूत झाली. तो इतिहास याच अंकात इतरांनी लिहिला आहे. आम्ही एका वस्तूविषयी लिहिणार आहोत. संगीतवर्गात हार्मोनियमच्या कपाटाशेजारी भिंतीवर एक निळी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे. पाहुणे आले की ती त्यांना दाखवली जाते आणि "ही आपल्या मुलांनी शाळेच्या कार्यशाळेत बनवली," असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ती कशी बनली, तिचा कोणता भाग कुठून आला, पैसा कुठे घातला आणि कुठे वाचवला, हे सांगायचे राहून गेले आहे. ज्याने ती घडवली त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही. त्याच्या वर्गमित्रांना ते ठाऊक आहेच.

गोष्ट सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची. त्या वेळी आम्ही अध्यापनाबरोबर वसतिगृहाचे अधीक्षक होतो आणि कार्यानुभवाच्या साहित्याची खरेदी आमच्या सहीने होत असे. हा मुलगा नववीत होता. त्याचे वडील बेंजो पार्टीत वाजवीत. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग; मूळ जपानी वाद्यावरून आलेले, टाइपरायटरसारख्या कळांचे. मिरवणुकीच्या गलबल्यात ते ऐकू यावे म्हणून तारांजवळ पिकअप बसवून ते ॲम्प्लिफायरला जोडतात. त्यामुळे सोल्डरिंगची कांडी हातात धरणे त्या मुलाला घरूनच येत होते. अभ्यासात त्याचे लक्ष उडाले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत येईल की वडिलांबरोबर पार्टीत जाईल, अशी शंका होती. तो परत आला, तो वहीत काढलेले एक चित्र घेऊन. "सर, विकत घ्यायची म्हणत नाही मी. आपण बनवू," एवढेच तो म्हणाला.

आम्हांस संगीतातले काही कळत नाही. म्हणून जे येते ते आम्ही केले, वाचायला बसलो. वाचताना लक्षात आले की हे वाद्य ऐकू न येण्याच्या अडचणीतून जन्मले. नृत्याच्या तालावर वाजणाऱ्या मोठ्या बँडमध्ये तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे साध्या गिटारीचा आवाज बुडून जाई. १९३१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बीचम याने तारेची थरथर चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याने पकडणारा पिकअप बनवला आणि १९३२ पासून अडॉल्फ रिकनबॅकर याच्या भागीदारीत ॲल्युमिनियमची ओतीव गिटार बाजारात आली. तिचा आकार तव्यासारखा होता म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. तिच्यातही एक खोट निघाली. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि स्वर ढळे. पुढे त्यांनीच बेकेलाइटची गिटार काढली.

१९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा ओक्लाहोमा शहरात वाढलेला कृष्णवर्णीय तरुण बेनी गुडमन याच्या प्रसिद्ध बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. मागे बसून ताल धरणारे हे वाद्य त्याच्यामुळे सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे येऊन बोलू लागले. त्याच शहरात वाढलेला कादंबरीकार राल्फ एलिसन याने लिहून ठेवले आहे की शाळकरी वयात ख्रिश्चन सिगारच्या खोक्यांपासून गिटार बनवीत असे. त्या शहरात तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. ख्रिश्चन १९४२ मध्ये क्षयाने वारला, तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता. हा प्रसंग आम्ही त्या मुलास वाचून दाखवला. त्यावर त्याने विचारले, "खोक्याच्या गिटारीला पडदे कसे बसवले असतील, सर?" आम्हांस उत्तर देता आले नाही, परंतु प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचला होता.

पडद्यांचे गणित त्याने गणिताच्या सरांकडून समजून घेतले. प्रथम तारेची लांबी ठरवावी लागते. गिब्सनच्या गिटारीत ती सुमारे ६२८ मिलिमीटर असते, तर फेंडरच्या गिटारीत ६४८. लांबी वाढली की तेवढ्याच स्वरासाठी ताण अधिक लागतो आणि आवाज अधिक टणत्कारी येतो. लांबी कमी केली तर तार मऊ लागते, लहान बोटांना सोपी जाते. त्याने ६४८ निवडली, कारण बेंजोच्या टणक आवाजाची त्याच्या कानांना सवय होती. मग लांबीला १७.८१७ ने भागायचे. पहिला पडदा वरच्या पट्टीपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भाग द्यायचा. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर आला पाहिजे. दुर्बिणीच्या गॅलिलिओचे वडील विन्सेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये ल्यूट या वाद्यासाठी सोपा १८ चा भागाकार सांगितला होता. आमच्या मुलाने तोही करून पाहिला. बारावा पडदा दोन मिलिमीटरहून अधिक आधीच पडला. "एवढा फरक कानाला कळतो, सर," तो म्हणाला. शेवटी आम्ही मुख्य चौकातल्या दुकानातून पोलादी मोजपट्टी आणून दिली. प्रत्येक पडद्याचे माप त्याने आधीच्या पडद्यापासून न घेता वरच्या पट्टीपासूनच घेतले, म्हणजे लहान चुका साठत जात नाहीत.

लाकडासाठी कार्यानुभवाचे सर त्याला घेऊन मिरजेस गेले. तेथील वाद्य-कारागिरांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी सतार-तंबोरा बनवण्याची विद्या आत्मसात केली, हे आम्ही वर्गात शिकवतो. एका वयोवृद्ध कारागिराने चित्र पाहून सांगितले की धडाची चिंता करू नका, दांडीची करा. त्याचे कारण पुढे आम्हांस उमगले. भरीव धडाच्या गिटारीत पिकअप तारेचे ऐकतो. धडाच्या लाकडाने आवाजात किती फरक पडतो यावर जाणकारांत वाद आहे, पण दांडी वाकली तर वाद उरतच नाही. सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४५ किलो भरतो, आणि तो दिवसरात्र दांडीला ओढत असतो. म्हणून जुन्या वसतिगृहाच्या पाडलेल्या दाराची सागवानी चौकट दांडीसाठी घेतली. लाकूड अनेक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले, आता पिळणार नाही असे. तिच्या पोटात खाच पाडून पोलादी सळई बसवली, टोकाला नट, म्हणजे वाक आला तर आवळून सरळ करता येईल. वर शिसवीची पट्टी. आपल्या सह्याद्रीत वाढणारी ही शिसवी जगभरच्या गिटारींवर बसते. २०१७ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, इतकी तिची मागणी आहे. धड मोडीत काढलेल्या बाकांच्या फळ्या जोडून केले. त्या बाकांवर बसलेले कित्येक जण आज हा अंक वाचत असतील.

दांडी धडाला डिंकाने कायमची चिकटवायची की स्क्रूने बसवायची, हाही प्रश्न होता. येथे लिओ फेंडर आठवला. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारा हा गृहस्थ. त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेल्या भरीव गिटारीची दांडी चार स्क्रूंनी बसवलेली होती. बिघडली की काढा, दुसरी लावा. वस्तू उद्या कोणीतरी दुरुस्त करणार आहे हे गृहीत धरूनच ती घडवायची, ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी. आम्ही चार स्क्रू घेतले. शाळेतील प्रत्येक वस्तूबाबत हीच दृष्टी असावी, असे आमचे मत तेव्हा झाले आणि आजही आहे.

पिकअप त्याने स्वतः गुंडाळला. सहा लोखंडी खिळे, त्यांच्या तळाशी चुंबकाची पट्टी, आणि भोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे ८,००० वेढे. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आली आणि वेढे शिवणवर्गाच्या मशीनवर पडले. मोजायचे कसे? त्याने एका जुन्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाच्या कळीला दोन तारा जोडल्या, मशीनच्या चाकाला छोटे चुंबक लावले आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढेल अशी योजना केली. तार दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा आकडा ६,००० च्या पुढे होता. तो उठून बाहेर गेला, हातपाय धुऊन आला आणि पुन्हा शून्यापासून बसला. नववीच्या त्या वर्षात आम्हांस त्याच्याविषयी खात्री वाटू लागली ती त्या संध्याकाळी.

आवाज कमीजास्त करण्याची बटणे टीव्हीदुरुस्तीच्या दुकानातून आणली, २५० किलोओहमची, सोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, काही रुपयांचा. याच मूल्याचे जुने, नामांकित कपॅसिटर शौकीन लोक कित्येक पट किंमत देऊन घेतात, हे वाचून मुलगा हसला. विजेला आकडा कळतो, नाव कळत नाही, असे काहीसे तो म्हणाला.

एका भागाशी मात्र तो अडला. तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, ती वरची पट्टी उत्तम वाद्यांत हाडाची असते. मिरजेच्या कारागिराने हाडाचा तुकडा देऊ केला होता. मुलाने घरी विचारले. त्याचे पणजोबा १९२७ च्या महाडच्या परिषदेनंतर मृत जनावरे ओढण्याचे काम सोडणाऱ्या पिढीतले. आजोबांनी निरोप पाठवला, की वाद्य बनव, पण ज्यावर आम्ही पाणी सोडले ते घरात परत नको. या निरोपावर शिक्षकांत चर्चा झाली. हाड हा केवळ पदार्थ आहे, त्यात विटाळ कसला, असे एक सहकारी म्हणाले, आणि तर्काने त्यांचे चुकत नव्हते. परंतु आजोबांचा आक्षेप विटाळाचा नव्हताच. तो आपण सोडलेल्या सक्तीच्या कामाच्या आठवणीचा होता. पितळेची पट्टी हाही जगन्मान्य पर्याय आहे. भंगारवाल्याकडून पितळ आणले, कानशीने खाचा पाडल्या. ती पट्टी आजही जागेवर आहे.

आता खुंट्या. येथवर सर्व निर्णय त्या मुलाचे किंवा सर्वांचे मिळून होते. पुढचा निर्णय आमचा, म्हणजे या लेखकाचा.

गिटारीच्या खुंट्यांत दातेरी चाके असतात. खुंटी चौदा-पंधरा वेळा फिरवावी तेव्हा तारेचा दांडा एकदा फिरतो, म्हणून स्वर बारकाईने लावता येतो. दाते नीट कापलेले नसतील तर मध्ये मोकळीक राहते आणि वाजवता वाजवता तार सैल पडते. दुकानात दोन प्रकार होते, एक संच ३५० रुपयांचा आणि दुसरा १,६०० चा. मुलाने दोन्ही फिरवून पाहिले व हळूच म्हणाला, "सर, या घेऊया. बाकी कुठंही कमी करा." तेव्हा आमच्या मनात रंगकामाचा खर्च होता. वार्षिक कार्यक्रमात पालक, देणगीदार, पंचक्रोशीतील लोक येणार. गिटार मोटारीसारखी चकाकली पाहिजे. गॅरेजवाल्याने निळ्या चकाकत्या रंगाचे १,२०० मागितले होते. आम्ही स्वस्त संच घेतला आणि वर म्हणालो, "शाळेच्या कामाला एवढ्या चालतात." मुलगा काही बोलला नाही.

हे वाक्य आम्ही स्वतः विद्यार्थी असताना ऐकले होते. सरकारी वसतिगृहात डाळीत पाणी असे, पुस्तके आवृत्ती जुनी झालेली असत, आणि आमच्यासारख्यांना एवढे चालते असे देणाऱ्यास वाटत असे. त्याच वाक्याच्या विरोधात आम्ही शिकलो, एम.ए. झालो, शिक्षक झालो. आणि पहिली संधी मिळताच ते वाक्य आमच्याच तोंडून आले, तेही आपल्याच मुलासाठी.

१४ एप्रिलच्या संध्याकाळी कार्यक्रम होता. बेंजो पार्टीसाठी वर्षातला हा कमाईचा दिवस. तरीही त्याचे वडील सुपारी सोडून आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. पडदा उघडला तेव्हा निळी गिटार दिव्यांत खरोखरच झळकली आणि टाळ्या पडल्या. पहिले भीमगीत बरे गेले. दुसऱ्यात दुसरी तार उतरली. त्याने लावली, पुन्हा उतरली. हार्मोनियमवरच्या सरांनी मान वळवून पाहिले. तिसऱ्या गीताच्या आरंभी त्याने आवाजाचे बटण शून्यावर नेले आणि शेवटपर्यंत नुसती बोटे फिरवीत उभा राहिला. श्रोत्यांपैकी बहुतेकांना काही कळले नाही. तिसऱ्या रांगेतील एका माणसाला कळले.

कार्यक्रम संपल्यावर वडील रंगमंचामागे आले. त्यांनी गिटार हातात घेतली, दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली, पडद्यांवरून अंगठा फिरवला आणि मग एक खुंटी दोन बोटांत धरून हलवली. "खुंटी खेळतीया," ते म्हणाले. नंतर मुलाला विचारले, "ह्या कुणी आणल्या?" आम्ही चार पावलांवर उभे होतो. मुलाने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मीच आणल्या. मला कळलं नाही, बाबा," असे तो म्हणाला. वडिलांनी मान हलवली, पोराचा अंदाज चुकला असे त्यांना वाटले असावे. आम्हांस नमस्कार करून, "सर, तुमचे उपकार आहेत," असे म्हणून ते शेवटच्या गाडीसाठी निघाले. आणि आम्ही तो नमस्कार स्वीकारला.

आपल्या शाळेत सोण या भिक्खूची कथा सर्व मुलांना ठाऊक आहे. भगवान बुद्धांनी त्याला वीणेची उपमा दिली. तार फार ताणली तरी वाद्य वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. आम्ही ही कथा प्रार्थनेनंतर कितीदा सांगितली असेल. त्या रात्री प्रथमच लक्षात आले की त्या उपमेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खुंटी लावली तेथे टिकली पाहिजे. ती टिकत नसेल तर समतोलाचा उपदेश वाजवणाऱ्याला करण्यात काय अर्थ? मुलांनी आपली तार किती ताणावी हे आम्ही रोज सांगतो, पण त्यांच्या हाती खुंटी कसली देतो, हे पाहण्याचे काम आमचे आहे.

तो मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला. काही वर्षांनी एका रविवारी तो न कळवता आला. संगीतवर्गाची किल्ली मागितली. तासाभराने तो परतला, तेव्हा निळ्या गिटारीला नव्या खुंट्या बसलेल्या होत्या, त्याने आपल्या पगारातून आणलेल्या. जुन्या सहा खुंट्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने आमच्या टेबलावर ठेवल्या. "फेकू नका, सर," म्हणाला. चहा घेतला आणि गेला. त्या रात्रीचा विषय त्यानेही काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. त्याने न काढणे हा त्याचा मोठेपणा होता. आमचे न काढणे हा भित्रेपणा.

त्या खुंट्या आमच्या टेबलाच्या खणात आहेत. खरेदी समितीत कुणी "पोरांना एवढं चालतं" असे म्हणाले की आम्ही पुडी उघडून त्या टेबलावर ठेवतो. नव्या सहकाऱ्यांना त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून हे लिहिले. गिटार आजही उत्तम वाजते. आठवी-नववीची मुले तिच्यावर शिकतात. निळा रंग दोनचार ठिकाणी उडाला आहे आणि खालचे सागवान दिसते. तो पुन्हा लावण्याची घाई आम्हांस नाही.

ही स्मरणिका प्रथेप्रमाणे सर्व माजी विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचेल. त्यांपैकी एका घरी एक वडीलधारे बेंजोवादक आता निवृत्त होऊन राहतात. त्यांना आमची विनंती आहे. दादा, त्या रात्री तुम्ही विचारले होते, खुंट्या कुणी आणल्या. आम्ही आणल्या होत्या. तुमच्या मुलाने चांगल्या ओळखल्या होत्या आणि तो मागत होता. त्याचा अंदाज चुकला नव्हता.